पश्चिमेची भिंत

"तू इंजिनिअर हाय ना? मंग घराचा नकाशा तूच काढ," बाबा फोनवर म्हणाले. मी पुण्यात होतो, रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि प्रॉडक्शनवर गेलेला एक बग काही केल्या सापडत नव्हता. २०२३चा जानेवारी महिना. आबा जाऊन अडीच वर्षं झाली होती. त्यांच्यामागं आमच्या धाब्याच्या घराकडं बघणारं कुणी उरलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात ओसरीचं छत एका कोपऱ्यात खचलं. बाबांनी ठरवून टाकलं, पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यातलं, मेहकरहून लोणारकडं जाताना मुख्य रस्ता सोडून आत. तिथं इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. कॉम्प्युटरचा वेगळा, सिव्हिलचा वेगळा, हे असले भेद पुण्या-मुंबईचे. बोअरची मोटर बंद पडली की मी गावात आहे का याची चौकशी होते. मी जावा लिहितो असं एकदा सांगितलं, तर एका काकांनी शांतपणे विचारलं, "कोठं लिहितो?"

तर मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण त्याच्या आदल्या वर्षी मला तिरुवनंतपुरममध्ये एक किडा चावला होता.

कंपनीनं तीन महिन्यांसाठी तिथल्या टेक्नोपार्कमध्ये पाठवलं होतं. भाषा येत नाही, जेवणात सगळीकडं खोबरेल तेल, आणि दमट हवेनं जीव हैराण. पहिल्याच रविवारी रेल्वे स्टेशनबाहेर, तंपानूरला, एक विचित्र लाल इमारत दिसली. गोल बुरुजासारखी, आणि अंगभर भोकं. ते इंडियन कॉफी हाऊस निघालं. आत शिरलो तर जिना नाही, मजला नाही. मधल्या खांबाभोवती गोल गोल चढत जाणारा एक उतारच, आणि त्या उतारावर भिंतीला लागून पक्की बांधलेली टेबलं आणि बाकडी. मसाला डोसा मागवला तर त्याच्या भाजीत बीट. पण बाहेर घामाच्या धारा लागल्या असताना आत त्या विटांच्या जाळीतून वारा येत होता, आणि एसी नव्हता. मी दोन कॉफ्या जास्त प्यायलो.

ती इमारत लॉरी बेकरची. नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढचे तीन महिने मी रविवारी शहरात बेकरच्या इमारती शोधत हिंडलो. त्यांचं सगळ्यात मोठं काम उळ्ळूरला आहे, सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर.

बेकर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे, जन्म १९१७चा. तिथंच आर्किटेक्चर शिकले. दुसऱ्या महायुद्धात हातात बंदूक घेणार नाही म्हणून रुग्णवाहिका पथकात गेले आणि चीनमध्ये काम केलं. परतताना मुंबईत बोटीची वाट बघत अडकले. तिथं गांधीजींची भेट झाली. बेकरांच्या पायात कापडाच्या तुकड्यांचे हातानं शिवलेले जोडे होते, त्यांच्याकडं गांधीजींचं लक्ष गेलं आणि बोलणं सुरू झालं, असा किस्सा आहे. १९४५मध्ये बेकर परत आले ते कुष्ठरोग्यांच्या जुन्या वस्त्यांची दवाखान्यांसारखी घरं करायच्या कामावर. आणि इथं त्यांची पंचाईत झाली. वाळवी, पावसाळा, जांभा दगड, शेण, मातीच्या भिंती, यातलं त्यांना कॉलेजात कुणीच काही शिकवलेलं नव्हतं. पुढं डॉक्टर असलेल्या एलिझाबेथ जेकबशी लग्न करून ते हिमालयात पिथोरागडला गेले. तिथं दवाखाना चालवत दोघं १६ वर्षं राहिले. पहाडातले गवंडी दगड कसा बसवतात, उतारावर घर कसं टेकवतात, लाकूड कुठं वापरतात, हे बेकर बघत राहिले आणि तसं बांधत राहिले.

मला यातली एकच गोष्ट चिकटली. डिग्री घेतलेला माणूस परक्या देशात येतो, आपल्याला काही येत नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो पळून जात नाही. मी तेव्हा ऑफिसात नवीन फ्रेमवर्क शिकत होतो आणि रोज स्टँडअपमध्ये सगळं कळतंय असं दाखवत होतो.

पुण्याला परतताना मी डोक्यात तीन गोष्टी घेऊन आलो. एक, रॅट-ट्रॅप बाँड. यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते, साधारण २५ टक्के विटा वाचतात आणि त्या पोकळीमुळं उष्णता कमी येते. दुसरी, फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातलं बरंच काँक्रीट ताण घेत नाही, नुसतं वजन वाढवतं, म्हणून तिथं मंगलोरी कौलं घालून सिमेंट वाचवायचं. आणि तिसरी, जाळी. तिच्यावर तर माझं प्रेमच बसलं होतं.

गांधीजींचं एक म्हणणं बेकर आयुष्यभर सांगत राहिले. घर कसं असावं, तर पाच मैलांच्या आत मिळतं त्या सामानातून उभं राहील असं. हे म्हणणं आमच्या विदर्भात आधीच करून बघितलं गेलं होतं. त्याच वर्षी एका मित्राच्या लग्नाला नागपूरला जाताना मी सेवाग्रामला उतरलो. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा आदिनिवास ५०० रुपयांच्या आत, गावच्याच सामानात आणि गावच्याच कारागिरांकडून बांधून घ्यावा अशी त्यांची अट होती असं सांगतात. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची कुटी. ही बाई इंग्लंडच्या आरमारातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी, मॅडलिन स्लेड. तिनं वर्ध्याच्या मातीत हात घालून भिंतीवर ताडाची झाडं उठवली आहेत. मी त्या भिंतीसमोर उभा होतो आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की आमच्या स्वतःच्या घराची भिंत कशाची आहे हे मला सांगता आलं नसतं. मातीची, एवढंच.

बाबांच्या फोननंतर मी लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि गावाभोवती ८ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आत काय काय येतं त्याची शीट बनवली. काळा दगड, मुरूम, पांढरी माती, बाभूळ, कडुनिंब, पऱ्हाट्या, तुराट्या. साडेतीन किलोमीटरवर एक सिमेंटचं दुकानही आत येत होतं. ते मी शीटमधून उडवलं.

मार्चमध्ये महिनाभर वर्क फ्रॉम होम घेऊन गावी गेलो. घर पाडायच्या आधी राहायला म्हणून मागं परसात एक खोली बांधायची होती. मी म्हटलं, ही खोली माझी. मेहकरहून मिस्त्री आला. त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवून उभ्या विटांचं बांधकाम समजावलं. तो म्हणाला, "भाऊ, हे होईन, पन विटा पाह्यल्या का तुम्ही?" नव्हत्या पाहिल्या. आमच्याकडं भट्टीतून येणारी वीट कधी फुगीर, कधी वाकडी, एकीची लांबी दुसरीला जुळत नाही. उभ्या विटांच्या भिंतीला वीट एकसारखी लागते. मापाची वीट निवडण्यात दिवस जाऊ लागला, सांधे भरण्यात मसाला जास्त जाऊ लागला, आणि वाचलेल्या विटांचे पैसे मजुरीत गेले. तरीही मी पश्चिमेच्या भिंतीत सुंदर जाळी करून घेतली. फोटो काढला. इन्स्टावर टाकला. २०० लाइक आले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आईनं त्या जाळीवर खताची रिकामी पोती शिवून टांगली.

मी चिडलो. ती म्हणाली, "तू दुपारी इथं बसून दाखव." बसलो. पारा ४२च्या वर होता. बाहेरचा झळा मारणारा वारा थेट तोंडावर येत होता, सोबत फुफाटा. लॅपटॉपच्या कीबोर्डवर धुळीचा थर. मी अर्ध्या तासात उठलो आणि जुन्या घरात, जे पाडायचं होतं त्या घरात, माजघरात जाऊन काम करत बसलो. तिथं गार होतं.

तिरुवनंतपुरमला हवा दमट, दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही, तिथं वारा खेळवणं हाच उपाय. आमच्याकडं उन्हाळा कोरडा. दिवसाचा वारा आत घ्यायचाच नसतो. जाड भिंत दिवसभर ऊन गिळते, ते आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री माणसं धाब्यावर झोपायला जातात. म्हणून आमच्या घराला दोन हात जाडीच्या भिंती, म्हणून खिडक्या वीतभर, आणि उजेडासाठी छतातच ठेवलेलं ते भोक, ज्याला आजी सानं म्हणायची आणि ज्यातून पडणाऱ्या कवडशावर ती वेळ सांगायची. लहानपणी मला ते घर अंधारं आणि गरीब वाटायचं. बेकर पिथोरागडच्या दगडाची पद्धत केरळात घेऊन गेले नव्हते. मी मात्र केरळची भिंत जशीच्या तशी कॉपी करून आणली होती. दुसऱ्याच्या मशीनवर चालतं म्हणून आपल्याकडं चालेल, असं समजणाऱ्या पोरांना मी ऑफिसात हसतो.

मग माझं उलटं झालं. मी पलटी मारली आणि जुनं घर पाडूच नका म्हणून हट्ट धरला. जेवताना मी बरंच काही बोललो. माती, वारसा, शाश्वत वगैरे. बाबा ऐकत होते. आई तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली,

"थे घर सारवलं कोनं? तुया बापानं का तुया आबानं? २८ वर्षं म्या सारवलं. तुले आवडते, कारन तुले तिथं राहा लागत नाई."

मला बोलता येईना. दर आठ दिवसांनी जमीन, दिवाळीच्या आधी सगळ्या भिंती, सणवार आला की पुन्हा, पावसाच्या आधी धाब्यावर माती टाकायची ती टोपल्यांनी डोक्यावरून वर न्यायची. आबा वर उभे राहून सांगायचे, नेणाऱ्या बायका. मी वाचलेल्या कुठल्याच लेखात शेणाच्या पाट्या कुणी वाहिल्या ते नव्हतं. देखभाल कमी लागते हे सिमेंटचं खरं गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक बहुतेक घरांत बाईच असतं. आमच्या गावात समृद्धी महामार्गाच्या मोबदल्यातून जी स्लॅबची घरं उठली त्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवायचो. आता ठेवत नाही. दिसायला वाईट आहेत, ते आहेतच.

बाबांचं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटेचे चार वाजत आलेले, तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. बाबा तेव्हा २१ वर्षांचे. तालुक्यातून धान्याचा आणि कपड्यांचा ट्रक निघाला त्यात बसून तेही गेले. सुमारे ८ हजार माणसं त्या पहाटे मेली, बरीचशी आपल्याच घराच्या भिंतींखाली. आमच्याकडं धाबं म्हणतात त्याला तिकडं माळवद म्हणतात. बाबांनी सांगितलं ते एवढंच, की तिथून आल्यावर कितीतरी महिने ते अंगणात झोपायचे, आणि लोक त्यांना हसायचे.

मी नंतर त्यावर वाचलं. किल्लारी भागातल्या भिंती गोट्यांसारख्या गोल दगडांच्या, नुसत्या चिखलात बसवलेल्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मध्ये मध्ये घातला असता तर दोन थर धरून राहिले असते. तो नव्हता, आणि वर दरवर्षी चढत गेलेला मातीचा थर. जिथं छत लाकडी खांब-तुळयांवर पेललेलं होतं तिथं भिंती ढासळूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे दोष सगळा मातीचा नव्हता. पण हे बाबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. ज्यानं ते बघितलंय त्याला मी पीडीएफ दाखवणार होतो का?

घर पाडलं. मे महिन्यात, चार दिवसांत. पाडताना ते घर पहिल्यांदा कळलं. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर तुराट्यांचा थर, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखल, मग पांढरी माती. पाला का, तर वाळवी लागू नये म्हणून. एका देवळीत आजीची गोट्यांची पुरचुंडी सापडली, तिच्या लहानपणीची असावी, नक्की सांगायला आता कुणी नाही.

पाडायला आलेल्यांत गावातले एक म्हातारे मिस्त्री होते. सत्तरीच्या पुढचे. काम करायला नव्हे, बघायला आले होते, कारण त्या घराची एक भिंत त्यांच्या बापानं घातली होती. मी त्यांना विचारलं, पांढरी माती आता कुठं मिळते? पूर्वी लोक गढीतून आणायचे. आमच्याकडं गावाच्या शेतीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. शेकडो वर्षं घरं पडत, पुन्हा उठत, चुलींची राख मिसळत ती जमीनच पांढरी झालेली असते. संग्रामपूर तालुक्यात भोनला पूर्णेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदलं तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप निघाला. काळी माती पाण्यात फुगते, उन्हात भेगाळते, तिची भिंत होत नाही. पांढरी फुगत नाही. आमची गढी तर आता संपत आली आहे.

मिस्त्री माझ्याकडं बघतच राहिले. मग पडलेल्या ढिगाऱ्याकडं बोट करून म्हणाले, "आनाची कायले? हे काय पडेल हाय."

मला हे सुचलंच नव्हतं. सिमेंटचा मलबा कुठं टाकायचा हा प्रश्न असतो. मातीची भिंत पाडली की तिची माती होते, आणि भिजवली की पुन्हा भिंत.

त्यांनी एक लाडू वळला, कमरेच्या उंचीवरून टाकला. फुटला नाही, चपटाही झाला नाही. चांगली आहे म्हणाले. मग पुढचे ११ दिवस मी त्यांच्या हाताखाली होतो. सकाळी सहा ते नऊ, मग आंघोळ करून लॉगिन. ढेकळं फोडायची, पाणी सोडायचं, कुटार टाकायचं आणि तुडवायचं. पहिल्या दिवशी मी गारा लगेच वापरायला निघालो. त्यांनी हात धरला. मुरू दे. तीन दिवसांनी त्याला आंबूस वास सुटला तेव्हा तयार झाला म्हणाले. किती पाणी, किती कुटार, हे मी वहीत लिहायला लागलो तर त्यांना हसू आलं. त्यांचं प्रमाण पायात होतं. टाच कशी रुतते आणि उचलताना काय आवाज येतो, त्यावर. तो आवाज मला शेवटच्या दोन दिवसांत ऐकू यायला लागला, असं मला वाटतं. त्यांनी दुजोरा दिला नाही.

भिंतही एका दमात चढवायची नसते. एक हात उंची झाली की थांबायचं, सुकू द्यायचं, वरून ओली फडकी टाकायची, मग पुढचा थर. चौथ्या दिवशी मी घाई केली. शेवटचा थर पोट काढून बाहेर आला. त्यांनी फावड्यानं तो सगळा कापून खाली टाकला आणि काही न बोलता बिडी पेटवली.

आता घराचं. तालुक्याच्या गावातल्या खऱ्या सिव्हिल इंजिनिअरनं कॉलम-बीमचं डिझाइन केलं. पाया काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत नेला. माझ्या नकाशातलं फार काही उरलं नाही. स्वयंपाकघराचा ओटा तेवढा आईनं सांगितला तसा आहे, कारण तो तिनं सांगितला होता. फिलर स्लॅबला सगळ्यांनी नाही म्हटलं. फक्त पश्चिमेची एक भिंत, दोन कॉलमच्या मध्ये, खाली दोन फूट काळ्या दगडाचं जोतं, त्यावर हातभर जाडीची आमच्याच जुन्या घराच्या मातीची. छताचं वजन तिच्यावर नाही. बाबांनी हे चार वेळा विचारून घेतलं. वर छज्जा पुढं काढला, पावसाचा मार लागू नये म्हणून. तीही फार मोठी भिंत नाही, १४ फूट. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद आरसीसी म्हणूनच झाली. एका बँकेच्या माणसानं पाहणीला आल्यावर त्या भिंतीवर टकटक केली आणि विचारलं, "हे प्लास्टर कधी होणार?"

मागच्या खोलीतली माझी जाळी आतून विटांनी बुजवली आहे. बाहेरून अजून छान दिसते.

भिंत बांधून झाल्यावर मिस्त्रींना पैसे किती द्यायचे विचारलं. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या एका तासाच्या पगाराहून थोडा जास्त होता, ११ दिवसांचा. मी जास्त दिले, त्यांनी मोजले, वरचे परत केले. मग बाबांनी दिले तर घेतले. यातलं मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांच्या दोन्ही मुलांनी हे काम शिकलेलं नाही, आणि शिका असं त्यांनी कधी म्हटलंही नाही. एक पुण्यातच असतो, चाकणला. आम्ही अजून भेटलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा बाबांची बाज दुपारी त्या भिंतीला लागून टाकलेली होती. मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत.

पावसाळ्यानंतर आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मोबाइल भिंतीजवळ नेला. खालच्या बाजूला, जोत्याच्या वर, पोपडे आले होते. एका ठिकाणी कुटार उघडं पडलं होतं. मी मिस्त्रींना दाखव म्हटलं. तिनं दाखवलं होतं. काही झालं नाही, एक हात सारवलं की बसेल म्हणाले.

"मंग सारव ना," मी म्हणालो.

"मी? भिंत तुयी हाय. दिवाळीले चार दिवस आधी येजो. शेन मी काढून ठेवतो."